वीतभर

नियम नऊ: गाळ-कुंपणाचं कापड
जमिनीत वीतभर पुरलेलं असावं.
मी पट्टी घेऊन हिंडतो, शंभर पावलांवर वाकतो,
फॉर्मवर खूण करतो.
पुढचा रकाना: शेवटचा पाऊस कधी?
तिथे अकरा महिने एक आडवी रेघ मारत आलोय.

गावाचं नाव सूर; ऐकू येतात डंपर.
खाडीच्या वरच्या अंगाला
एकशे चाळीस बंगल्यांसाठी टेकडी सोललेली.
खाली तिवरं, तिवरांच्या मुळांत खेकडे,
आणि त्यांच्या-आमच्या मध्ये हे काळं कापड.
शेळ्या येऊन त्याला अंग घासतात.
हिलालसाहेब म्हणतात, कोरडी वादी झोपलेली नसते,
कान देऊन असते.

तोफज्जलच्या पट्ट्यात माझी पट्टी पुरेना.
उकरून पाहिलं, तर कापड कोपरभर खाली गेलेलं.
एवढं कशाला रे? मजुरी वीतभराचीच.
तो सिराजगंजचा, नदीकाठचा.
घर तीनदा मागे सरकवलं, म्हणाला,
चौथ्यांदा मागे जागाच नव्हती.
हिंदी त्याची मोडकी, माझीही;
पण 'भांगोन' म्हणजे काय
हे मला विचारावं लागलं नाही.

नोव्हेंबरात एका रात्री वादी उतरली.
सकाळी उत्तरेचं कुंपण खांबांसकट गेलेलं,
खाडीत कुणी हंडाभर चहा ओतावा
तसं पाणी तिवरांत शिरलेलं.
फोन, फोटो, दंडाची नोटीस,
कंत्राटदाराचा माणूस चिखलात एक बूट शोधतोय.
तोफज्जलच्या पट्ट्यात गाळ पोटरीपर्यंत तुंबलेला.
कापड दिवस भरल्यासारखं पुढे आलेलं,
पण उभं.

नियम बारा: गाळ कुंपणाच्या
एक-तृतीयांश उंचीला पोचला की उपसावा.
तो उपसत नव्हता. उकिडवा बसून
बोटांत चुरत होता, नाकाशी नेत होता.
यात भात होणार नाही, म्हणाला.
तरी पहिलं घमेलं त्यानं
काठावरून एक ढेकूळ सांडू न देता उचललं,
आणि ठेवायचं कुठे
हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी रकान्यात तारीख लिहिली, अकरा महिन्यांनी.
खाली शेऱ्यासाठी अर्धी ओळ असते.
'कापड नियमापेक्षा खोल' असं लिहिलं.
वाचलं, तर तक्रारीसारखं वाटलं.
खोडलं.
तसाच कागद हिलालसाहेबांकडे गेला.
त्यांनी खोडलेलं उजेडात धरून पाहिलं,
काही विचारलं नाही,
सही केली.