पाट

सेलोची अणी लादीवर घसरते,
म्हणून उकिडव्यांनी घरून पाट आणला होता.
शिसवी वगैरे नाही, साधाच,
एका टोकाला हळदीचा जुना डाग.
आडनाव उकिडवे, बसायचे मात्र ताठ.
एकोणीस वर्षांत पाटाला एक भोक पडलं,
करंगळीचं टोक जाईल एवढं.

पौषात उकिडवे गेले.
चैत्रात ऑस्वल्ड फरगोज लेकीकडे, हॅलिफॅक्सला.
शेवटच्या तालमीनंतर दोघांनीही आपापली खुर्ची
नेहमीसारखी भिंतीशी लावून ठेवली होती.
ऑस्वल्डने जाणून,
उकिडव्यांनी नकळत.

वाशी, सेक्टर नऊ, सोसायटीचा हॉल.
कोपऱ्यात मागच्या गणपतीचं मखर,
फळ्यावर नोटीस: शुक्रवारी पाणी येणार नाही.
चेअरमनची परवानगी साडेआठपर्यंत.
उरलो हेमलेखाबाई, पहिल्या व्हायोलिनवर,
आणि मी व्हिओला,
म्हणजे आमटीतला गूळ.
नसला तरच कळतो.

मग नवी दोघं आली.
अभिरामी, नेरूळची,
मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून शिकलेली.
खुर्चीवर बसली की तिच्या पायांना काय करावं सुचत नाही,
चपला काढतात, घालतात.
आणि प्रणीत भोपी, करावे गावचा,
हळदीच्या कार्यक्रमांत ऑर्गन वाजवून
त्या पैशांत सेलो घेतलेला.
सहा फूट एक इंच.
लिफ्टमध्ये आधी सेलो, मग तो जिन्याने.

संथ भागात एका जागी आम्ही थांबतो.
श्वासभर.
पनवेलला एकदा कार्यक्रमानंतर एक बाई
हेमलेखाबाईंचा हात धरून म्हणाल्या होत्या,
तुम्ही तिथे थांबलात ना, तिथे मला माझा भाऊ आठवला.

अभिरामी थांबली नाही.
ती पुढे, आम्ही मागे, प्रणीत अधेमधे,
जत्रेत बोट सुटल्यासारखे.
"पण इथे काहीच छापलेलं नाही," ती म्हणाली,
"नुसतं पेन्सिलने कुणीतरी लिहिलंय,
थांबा रे."

ऑस्वल्डचं अक्षर.
मी वाकून पाहिलं.
त्याच्या प्रतीत तिथेच पान संपत होतं.
उलटायला त्याला वेळ लागायचा,
बोटाला थुंकी लावायचा, तरी कागद सुटायचा नाही.
एवढंच.
एकोणीस वर्षं आम्ही ज्याला भाव म्हणत होतो
तो एका माणसाचा चिकटलेला कागद होता.

हेमलेखाबाई खूप हसल्या.
मग चष्मा पुसत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"खोडू?" अभिरामीच्या हातात खोडरबर.
वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली,
दुसरी झाली.
बाई म्हणाल्या, "छापलंय तसं वाजवून तर बघू."

वाजवलं.
पूल उतरल्यासारखे सरळ पलीकडे गेलो.
चांगलं झालं, खरं सांगायचं तर जास्त चांगलं.
मी मात्र सवयीने तो श्वास घेतला
आणि एक स्वर हुकलो.
व्हिओलाचं कुणाच्या लक्षात येत नाही.
प्रणीतच्या आलं.
त्याने पाहिलं, आणि नजर कागदावर परत नेली.

तिने ते खोडलं की नाही
मी अजून विचारलेलं नाही.

राहिला पाट.
प्रणीतला ते भोक फार जवळ पडायचं.
तीन रविवार तो गुडघे वर घेऊन, अवघडून,
जवळजवळ उकिडवाच बसला
आणि काही बोलला नाही.
चौथ्या रविवारी मी घरून गिरमिट नेलं.
दुसरं भोक पाडू या म्हणालो.
म्हणताना आवाज जरा चढला असावा,
कारण बाईंनी वर पाहिलं.

"थांबा काका," प्रणीत म्हणाला,
आणि पाट उचलून उलटा फिरवला.
हळदीचा डाग त्याच्याकडे आला,
भोक चार बोटं लांब गेलं.
अणी टेकवून त्याने पाय पसरले.
"पुरतंय."

सव्वासात झाले होते.
बाईंनी गज उचलला.
मी गिरमिट पिशवीतच ठेवलं.