पावणेदोन मीटर

शाणू गावड्याचा डावा हात
मेच्या शेवटच्या आठवड्यात गेला.
आहे तिथंच, खांद्याला; पण घुमटाच्या मागच्या तोंडावर
तळवा मिटायचा न् उघडायचा, तेवढं विसरला.
उजवा अजून चामड्यावर नीट पडतो.
नुसत्या उजव्याचं घुमट मात्र
मडक्यासारखंच वाजतं.

माझं शिरोड्यात झेरॉक्सचं दुकान.
मागच्या खोलीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला
जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स,
एक साउंड कार्ड, मडक्याला चिकटवलेली पितळी चकती,
आणि शाणूच्या पायाखाली
शिलाई मशीनचं पायडल.
दाबलं की फिल्टर मिटतो, सोडलं की उघडतो.
तळव्याचं काम टाचेला दिलं.

पहिल्या दिवशी त्यानं चार ठोके वाजवले
आणि थांबला.
"फाटल्यान येता गो," म्हणाला,
"हांव हांगा, आनी घुमट थंय बांयकडेन."

मी हिशेब केला.
बफर एक हजार चोवीस, फेऱ्या दोन,
बेचाळीस मिलिसेकंद;
तेवढ्यात आवाज साडेचौदा मीटर चालतो.
टेप घेऊन अंगणात गेले.
विहीर पंधरा मीटरवर.

मग रोज रात्री दुकानाचं शटर ओढून
घुमट विहिरीवरून घरात आणायचं काम.
कर्नल बदलला; नवा असा,
की हाक आली की हातातलं टाकून उठतो.
शाणूच्या नावाचं खातं ऑडिओ गटात घातलं,
प्राधान्य पंच्याण्णव;
पंचायतीत त्याचा अर्ज तीन वर्षं पडून आहे.
मेमरीला आतून कडी लावली,
डिस्कवर भटकायला जाऊ नये म्हणून.
प्रोसेसरची डुलकी बंद केली, वेग वरच्या वर बांधला.
शिरोड्यात दुपारी अडीचला जागा असलेला
तो एकटाच.

पाचशे बारा: घुमट फणसाखाली आलं.
दोनशे छप्पन्न: पायरीशी.
एकशे अठ्ठावीसला तडतड सुरू,
गरम वाळूत चुरमुरे फुटावेत तशी,
एक्सरनवर एक्सरन, तीन रात्री.
वायफायवर आळ घेतला, तो काढला. तडतड तशीच.
ब्लूटूथ काढलं.
केबल बदलली, दोनशे रुपये गेले.
चौथ्या रात्री सापडलं:
झेरॉक्स मशीन त्याच यूएसबीच्या फांदीवर,
झोपेतसुद्धा दर थोड्या वेळानं विचारायचं,
काम आहे का, काम आहे का.
माझं पोट भरणारं यंत्र.
वायर उपटली.

पाच मिलिसेकंद आणि वर थोडं.
पावणेदोन मीटर.
शाणूनं टाच दाबली, सोडली.
आतून तो जुना हुंकार आला, ओला, लांब,
मडक्याच्या पोटातून वळून येणारा.
शेवंती नेवऱ्यांचं पीठ मळत होती,
तशीच दारात आली.
आधी तिनं त्याच्या डाव्या हाताकडं पाहिलं.
मग टाचेकडं.
मग काही न बोलता आत, पिठाकडे.

चवथीला आरती सुरू झाली.
शामेळ, कासाळें, आणि शाणू भिंतीला टेकून.
दुसऱ्या आरतीत लाइट गेली;
लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर,
स्पीकर स्कूटरच्या.
एकदा, फक्त एकदा,
खालचा एक ठोका मधेच फाटला.
समईच्या उजेडात पडद्यावर आकडा उमटला: एक.
शाणूनं तो ठोका उजव्यानं भरून काढला
आणि माझ्याकडं बघून हसला.
"डावो म्हजो पयलींय चुकतालो."

आकडा मी पुसला नाही.
दीड दिवसानं विसर्जन झालं.
सकाळी झेरॉक्सची वायर परत लावली.
दारात तिघं उभे होते,
आधार कार्डं घेऊन.