पाणसळ

केंटकीच्या डोंगरात, चर्चच्या तळघरात
लुएला हत्यारांच्या मुठींना निळ्या रंगाचं बोट लावते,
कुणाच्या गाडीत राहिलं तरी ओळखू यावं म्हणून.
वहीत : करवती चार, गिरमिट एक,
रंधा, धार गेलेला. पाणसळी दोन.

शनिवारी आलेल्या निम्म्या पोरांनी
हातोडी फक्त दुकानात पाहिलेली.
"मूठ टोकाला धरा," ती म्हणते,
"वजनाला त्याचं काम करू द्या."

ऑर्फा स्किडमोरच्या घरात
चुलीपाशी जमीन इतकी खचलेली
की सांडलेले वाटाणे आपसूक कोपऱ्यात जमतात.
"बरंय की," ऑर्फा म्हणते, "वेचायला सोपं."

कुजक्या तुळया निघाल्या.
खाली सापडला एक बूट, तान्ह्या पायाचा.
तिने तो न बोलता एप्रनच्या खिशात घातला.

दिवस कलला तेव्हा नव्या फळ्यांवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा डुलला,
दोन रेघांच्या मधे थांबला.
ऑर्फाने मूठभर वाटाणे ओतले.
ते पडले तिथेच राहिले, सगळीकडे.
मग कंबर धरून, कुरकुरत
एकेक वेचत बसली,
कुणाला हात लावू देईना.

रात्री लुएलाने हत्यारं मोजली.
पाणसळ एकच.
परतीच्या रकान्यावर पेन टेकवलं,
आणि वही मिटली.