एकेचाळीस मिलिमीटर

झाकच्या झुडपाखाली लावलेल्या सापळ्यात
रात्री अडीचला खुडबुड झाली.
सेव्जमाताईनं कापडी पिशवी हळूच उलटली
आणि तिच्या मुठीतून आधी वर आले
ते नुसते कान.

बाकीचा अलागदागा मागाहून आला.
डुकराच्या पिल्लासारखं नाकाड,
मिशा अंगाला पुरून उरतील एवढ्या,
पुढचे पाय जेमतेम, कुणी घाईत चिकटवल्यासारखे,
मागचे मात्र क्रौंचाकडून उसने आणलेले.
तळव्यांना ताठ केसांचे झुबके:
वाळूत रुतू नये म्हणून
जन्मतःच घातलेले बूट.

विजेरी दातांत धरून मी वहीत लिहीत गेलो.
वजन सत्तावीस ग्रॅम, पिशवी वजा जाता.
शेपूट एकशे अठ्ठावन्न, अंगाच्या जवळजवळ दुप्पट,
टोकाशी काळा पट्टा, मग पांढरा झुपका.
मागचं पाऊल चव्वेचाळीस.
कान एकेचाळीस.
ताईनं परत मोजला. एकेचाळीसच.

तेव्हा गोंचिगबाबा जवळ सरकले.
एकोणीस वर्षं त्यांनी कोळशाचा ट्रक हाकला,
सीमेपर्यंत आणि परत, खिडकी उघडी टाकून.
डावा कान त्या रस्त्यावरच राहिला.
उजवा दालनझादगाडच्या दवाखान्यातल्या यंत्रावर चालतो;
वारा सुटला की त्यात शीळ वाजते
आणि ते वैतागून यंत्र खिशात टाकतात,
तपकिरीच्या कुपीशेजारी.

ताईनं विजेरीपुढे कान धरला.
आरपार उजेड. आत लाल शिरा,
माळावर फुटत फुटत गेलेल्या
ट्रकच्या चाकोऱ्यांसारख्या.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
"एवढं काय ऐकतो हा?" त्यांनी विचारलं,
बहिरी माणसं विचारतात तसं, ओरडून.
अलागदाग्यानं दोन्ही कान पाठीवर टाकले.

"किड्यांची भिरभिर," ताई म्हणाली, "आणि घुबड वळतं, तो आवाज."
बाबांना फक्त घुबड कळलं.
"एक कान मला दे म्हणावं.
त्याला एक पुरे."

नियमात बसत नव्हतं, तरी ताईनं
तो सत्तावीस ग्रॅमचा जीव
त्यांच्या ओंजळीत ठेवला.
बाबांनी डोळे मिटले.
"इंजिन चालू ठेवूनच थांबलाय," ते म्हणाले,
या वेळी अगदी हळू.

सोडला, तेव्हा उडीचा आवाज
आम्हा तिघांपैकी कुणालाच आला नाही.
पांढरा झुपका एकदा इथं,
एकदा भलतीकडेच,
मग काळोख.

सकाळी वाळूवर दोन ठिपके,
पुढं काठीभर कोरी जागा,
परत दोन ठिपके.
बाबा प्रत्येक कोऱ्या जागेत काठी आडवी ठेवून
मोजत मोजत टेकाडापलीकडं निघाले.
गेरच्या दारातून ताईनं हाका मारल्या,
खारट चहा निवत चालला होता,
यंत्र खिशात होतं.
शेवटी मलाच पळत जावं लागलं.