अजून चार बोटं

सकाळी सव्वासात. असल्फ्याच्या समाजकल्याण हॉलमध्ये
सतरंजीवर पाय पसरून आम्ही अकरा जण.
रुबिना मॅडम म्हणते, वाका. हळूहळू. गुडघे उचलायचे नाहीत.
मी वाकतो
आणि हात नडगीच्या मध्यावर येऊन थांबतो,
टेकडीवरच्या नळासारखा,
ज्याला खाली पाणी सोडलेलं कळतं
पण मिळत नाही.

मी भिकाजी नाचरे. पाणी खातं, एकतीस वर्षं चावीवाला.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी टाकून निघायचं,
झाकण उचलायचं, खड्ड्यात बॅटरी मारायची
आणि आटे मोजायचे.
बावीस आटे म्हणजे पूर्ण उघडी.
घाई केलीस तर लाईन दणका मारते, मुकादम सांगायचे,
पाण्यालाही अंग असतं, आधी त्याला वळू दे.
एकदा एका नवख्या पोराने भसकन फिरवली
तर साकीनाक्याला बिडाचा जुना पाइप
केळ्याच्या सालीसारखा उलला.

मॅडमने भिंतीवर हृदयाचं चित्र लावलंय.
म्हणते, वय झालं की धमन्या ताठरतात.
ठोका पडला की पूर्वी फुगायच्या, मग बसायच्या,
आता धक्का तसाच्या तसा पुढे.
"बिडाचा पाइप," मी म्हणालो.
ती हसली. "रबराचा नाही होणार, काका.
पण थोडा मऊ पडतो का बघू.
आणि गोळी बंद करायची नाही. कुणीच."
हे तिने बेंजामिनकडे बघून म्हटलं.

बेंजामिन श्वास रोखून वाकतो, बीट होतो.
शेवंताबाई केदारे तीस सेकंद ताण धरते,
तेवढ्यात तिची सून तोंडी
दोनदा माहेरी जाऊन येते.

मी इथे का येतो ते कुणाला सांगितलेलं नाही.
सहा वर्षं माझ्या पायांची नखं सुगंधा कापते.
बाल्कनीत, पेपर पसरून, माझी टाच मांडीवर घेऊन.
गेल्या दिवाळीपासून तिचा हात थरथरतो.
करंगळीला लागलं तेव्हा ती काही बोलली नाही,
उठून हळद आणली.
मीही बोललो नाही.
सोमवारी इथे नाव घातलं.

मार्चमध्ये अंगठा एक वीतभर लांब होता.
आज मोजलं : चार बोटं.
मशीनवर एकशे बेचाळीस. मॅडम वहीत लिहिते,
चांगलं म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही.
दाबाचं असंच असतं, मला माहीत आहे,
खाली कितीही सोडा,
वर पोचलं की नाही ते वरच्यांनाच विचारायचं.

पुन्हा वाकतो. श्वास सोडतो. एक आटा.
दुसरा.
मांडीमागे कुरकुरतं काहीतरी,
गंजलेला व्हॉल्व्ह सुटताना कुरकुरतो तसं.
थांबतो. ओढत नाही.
शर्टाच्या खिशात नेलकटर आहे, वाकताना बरगडीला टोचतं,
ते काढून ठेवलं पाहिजे हे रोज ठरवतो.

सहा. सात.
वर कुठेतरी, शेवटच्या घरात,
कुणीतरी नळाखाली हंडा सरकवतं.
आठ.