साहेब, गाडी आली

प्रॉम्प्टरच्या वहीत मुरलीधर निकुंभाची वाक्यं
मी लाल पेनानं अधोरेखित करायचो.
पेन वाळून जायचं,
शाई संपायची नाही.

नोटप्रेसमध्ये पहिली पाळी करून
नाशिकरोडहून सिटी बसनं यायचा शालिमारला.
पिशवीत डबा, डब्याखाली
कागदात गुंडाळलेल्या स्वतःच्या तीन मिशा:
एक हवालदाराची, एक मुनीमाची,
तिसरी कुणाची, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

कालिदासच्या विंगेत माझ्याशेजारी उभा राहायचा,
एन्ट्रीच्या आधी वीस मिनिटं,
दाढेखाली लवंग धरून.
वाक्य काय, तर
साहेब, गाडी आली.
एवढ्यासाठी लवंग!
मी हसायचो. तो नाही.

एकदा गोदाघाटावर शूटिंग आलं.
ह्याला फौजदार केला.
सात टेक, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या.
पोरीला घेऊन विजयानंदला गेला तर
पडद्यावर डावा खांदा आला
आणि गेला.
पोरगी म्हणाली, बाबा, तुमचाच. मी ओळखला.
हे सांगताना मात्र हसला होता.

पण मला सांगायचंय ते स्पर्धेतल्या प्रयोगाचं.
दुसऱ्या अंकात शिपाई होऊन आला, वाकला,
आणि गप्प.
मी कुजबुजलो: साहेब, गाडी...
गप्प.
मग जरा मोठ्यानं.
पुढच्या रांगेत परीक्षकानं पेन खाली ठेवलं.
नायक पाठमोरा उभा, नेहमीसारखा.
त्याला वळावं लागलं.
तालमी धरून चाळीसेक वेळा झालं असेल ते,
त्यानं निकुंभाच्या तोंडाकडे पाहिलं ते तेव्हाच.
मग हा बोलला, सावकाश,
गाडी खरंच दारात बघून आल्यासारखा.

नंतर चहाच्या टपरीवर मी तापलो.
तीन शब्द, तेही विसरलास?
बशी फुंकत म्हणाला,
विसरलो नव्हतो रे.
जरा थांबून बघितलं.

बक्षीस नायकालाच मिळालं.

परवा पेपरात, पान पाच,
टायरच्या जाहिरातीखाली:
ज्येष्ठ रंगकर्मी मुरलीधर निकम यांचे निधन.

निकम.

गॅलरीत एकटाच होतो.
हाताचा आडोसा आपोआप तोंडाशी गेला,
दाबल्या आवाजात शब्द दिला:
निकुंभ.

मग जरा मोठ्यानं.