लाइनमनचं घर

दुपारी त्याने दुसरा डबा मागितला,
तेव्हाच कळलं, रात्री येणार नाही.
बंदरावर बावटा लागलाय,
होड्या खाडीत आत घेतल्यात,
आणि दत्तारामने दोर, हातमोजे, अर्थिंगची साखळी
फटफटीला बांधली माझ्या जुन्या ओढणीने.

तो गेला. मग मी घर लावायला घेतलं.

पंप चालतोय तोवर पाणी:
टाकी, पिंप, दोन हंडे, लग्नातलं घंगाळ,
शेवटी कुकरसुद्धा.
ऋता हसली. म्हटलं, हस.
मागच्या खेपेला सतरा दिवस
खतीबांच्या रहाटावर रांगेत होतो आपण,
आणि जुबेदाभाभी दोराला हात लावू देत नव्हत्या कोणाला.
तुटला तर नवा कुठला आणू, मीच ओढते, म्हणायच्या.
यंदा दोर आणून ठेवलाय मी. काथ्याचा, वीस हात.
त्यांना अजून सांगितलं नाही.

गॅसची टाकी मी कानाने ओळखते.
बोटाने वाजवली. खालची वीत जड बोलली,
वर सगळी पोकळ.
चार दिवस. चहा कमी केला तर पाच.
गाडी येते खाडीपलीकडून,
आणि पुलाचं काय, त्याची मर्जी.
म्हणून मागच्या पडवीत चिऱ्याचे तीन तुकडे,
कोरडी सोडणं, पिड्यांची मोळी,
वर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुना टायर.

फ्रीज रिकामा केला.
सुरमई अर्धी मिठात घातली, अर्धी वाटून टाकली,
परवापर्यंत ती कुणाचीच राहिली नसती.
कप्प्यात उरल्या नलूवहिनींच्या इन्सुलिनच्या बाटल्या,
त्यांचा फ्रीज गणपतीपासून बंद.
मडक्यात ओली वाळू, वाळूत गाडगं, गाडग्यात बाटल्या,
तोंडाला ओलं फडकं.
आरोग्यकेंद्राच्या सिस्टरने दाखवलं होतं,
पुळणीची वाळू नको, नदीची घे.

रॉकेल आता मिळत नाही.
उंडीचं तेल आहे बाटलीभर,
धुरकट, डोळ्यांना झोंबणारं. पण जळतं.

सगळ्या गावाला वाटतं, लाइनमनचं घर,
यांना कसली काळजी!
खरं सांगते, आमचा खांब शेवटचा.
डीपीपासून बर्फाचा कारखाना, मशीद, शाळा,
देऊळ, भंडारवाडी, मग आम्ही.
आपला आधी जोडला तर लोक चामडी सोलतील, म्हणतो.
तशीही सोलतात.
रात्री दोनला फोन करून आई काढतात ती माणसं,
ज्यांच्या मुलीच्या लग्नात हा माळा लावून आला फुकट.

साडेसातला लाइट गेली.
परत आली, लुकलुकली, गेली.
समुद्र एकदम ओटीपर्यंत आल्यासारखा ऐकू आला.
चूल आधी धुमसली, मग धरली.
पिठलंभात. ऋता वातीपाशी भूगोल घेऊन,
पान उलटायचं विसरलेली.

माझं गणित इतरांच्या उलटं.
अंधार आहे तोवर तार मेलेली असते,
तो खांबावर असला तरी मी जेवू शकते.
उजेड आला की गाव ओरडतं, आली! आली!
आणि माझ्या पोटात गोळा,
सगळे खाली उतरलेत ना?

म्हणून बटणं बंद करून निजते मी.
यंदा विसरले.

चौथ्या रात्री अडीच वाजता
सगळं एकदम आलं.
पंखा. टीव्हीवर कुणी मोठ्याने साबण विकतंय.
मोटर घुरघुरली,
मोरीतला उघडा राहिलेला नळ खोकला, थांबला,
आणि सुटला.
ऋता नाचतच गेली बंद करायला.

मी दारात.
उंडीचा दिवा तसाच, फुंकर घातली नाही.
खांबाखांबाला उजेड, पार वळणापर्यंत,
त्यात पडलेला माड, पत्रे,
कुणाची तरी एक चप्पल.
फटफट नाही.

फोन कानाला.
रिंग जातेय.